शांत खेडे, गजबजलेले शहर आणि उसने शब्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले दोन दिवस या अभ्यासवर्गात गायरानांवर, झोपडपट्ट्यांवर आणि पाण्याच्या वाटपावर चर्चा झाली. त्यानंतर इंग्रजी शब्दांवर बोलायला मी उभा राहिलो, हे काहींना विषयांतर वाटेल. मी तीस वर्षे तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. तेव्हा म्हातारा आपलाच धंदा घेऊन आला, असेही कोणी म्हणेल. पण शहर आणि खेडे यांचे वर्णन ज्या शब्दांनी आपण करतो, ते शब्द तुमच्या प्रत्येक निवेदनात, मोर्च्याच्या प्रत्येक मागणीपत्रात शिरलेले आहेत. आणि अनेकदा निवेदन साहेबाच्या टेबलावर पोचण्यापूर्वीच त्या शब्दांनी आपला निम्मा मुद्दा गमावलेला असतो. म्हणून थोडा वेळ द्यावा, एवढी विनंती.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. २०१३ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मराठवाड्यात गावोगाव टँकर सुरू होते. त्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला दिला. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकात अशा निबंधासाठी शब्दांचे दोन रकाने छापलेले असतात. शहराच्या रकान्यात 'बसलिंग', 'क्राउडेड', 'पोल्युटेड', 'कॉस्मोपॉलिटन'. खेड्याच्या रकान्यात 'पीसफुल', 'क्वेन्ट', 'पिक्चरेस्क', 'अनस्पॉइल्ट'. मुले ते पाठ करतात. एका मुलीने अगदी निर्दोष निबंध लिहिला. तिचे गाव शांत होते, चित्रासारखे होते, गावाशेजारून नदी खळखळत वाहत होती. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी तिला वर्गात सर्वाधिक गुण दिले.

पुढच्या आठवड्यात तीच मुलगी सकाळच्या तासाला गैरहजर राहण्याची परवानगी मागायला आली. टँकर दहा वाजता येतो, आई मजुरीला जाते, हंडे लावायला घरात दुसरे कोणी नाही, असे तिने सांगितले. मी विचारले, "अगं, मग निबंधात नदी कुठून आली?" ती म्हणाली, "सर, टँकरसाठी यादीत शब्द नव्हता."

त्या मुलीचा दोष नव्हता. खेडे कसे दिसले पाहिजे, हे त्या यादीने आधीच ठरवून टाकले होते, आणि गुण देऊन मी त्यावर शिक्का मारला होता. ही यादी कोणी केली, कोणासाठी केली, हा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला विचारू लागलो. त्याचे जे उत्तर मला सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

'पिक्चरेस्क' याचा सरळ अर्थ चित्रात शोभेल असे. 'लँडस्केप' हा शब्दही इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकारांच्या परिभाषेतून आला. म्हणजे जमिनीकडे पाहण्याचा हा दृष्टिकोन मुळात चौकटीबाहेर उभे राहणाऱ्या माणसाचा आहे. त्या जमिनीत राबणाऱ्याचा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन नावाच्या धर्मोपदेशकाने या दृष्टीचे शास्त्रच बनवले. १७८२ साली वाय नदीवरचे त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला फार नीटनेटक्या वाटल्या. हातोडा बेताने चालवला तर त्या अधिक शोभतील, असे त्याने सुचवले. १७८६ च्या पुस्तकात तर त्याने स्पष्टच सांगितले की नीतीच्या दृष्टीने कष्टाळू कारागीर बरा, पण चित्राच्या दृष्टीने रिकामा रेंगाळणारा खेडूतच बरा. त्या काळचे हौशी प्रवासी खिशात काळपट, फुगीर आरसा बाळगत. प्रत्यक्ष देखाव्याकडे पाठ करून ते आरशात त्याचे प्रतिबिंब पाहत, कारण आरशात सगळे मऊ आणि एकसारखे दिसे. साथींनो, आपल्या निबंधातले खेडे या आरशातले आहे.

या सौंदर्यदृष्टीची किंमत कोणी मोजली, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात उभे आहे. तेथे मिडलटन नावाचे बाजारपेठेचे गाव होते. जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, याच्या वाड्यासमोर ते येत होते. वाड्यातून दिसणारा देखावा त्यामुळे बिघडतो, म्हणून १७७० नंतरच्या काही वर्षांत त्याने ते गाव हळूहळू पाडून टाकले. त्या जागी उद्यान आणि तळे केले. त्या कामात 'केपेबिलिटी' ब्राउन या प्रख्यात उद्यानरचनाकाराचा हात होता. गावकऱ्यांपैकी काहींसाठी दृष्टीआड एका खोलगट जागी एकसारख्या घरांची रांग बांधून दिली. एका वकील भाडेकरूने घर सोडायला नकार दिला, तेव्हा सरदाराने पाण्याचे दरवाजे उघडून त्याच्या घरात पाणी सोडले. वकिलाने न्यायालयात जाऊन दावा जिंकला, असे तिथला इतिहास सांगतो. ती नवी घरांची रांग म्हणजे मिल्टन अबास. पांढऱ्या भिंती आणि गवती छपरांचे हे खेडे आज 'पिक्चरेस्क' म्हणून पर्यटकांना दाखवले जाते. विस्थापितांची वसाहतच निसर्गरम्य खेड्याचा नमुना ठरली!

हे एका लहरी सरदाराचे कृत्य म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच काळात तेच काम कायद्याने देशभर चालले होते. इंग्लंडच्या खेड्यात 'कॉमन' म्हणजे सामायिक जमीन असे. तिचा मालक जमीनदार असला, तरी गुरे चारणे, सरपण तोडणे, जळणासाठी माती काढणे हे गावच्या गरिबांचे रूढ हक्क होते. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. हे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या एक पंचमांशाहून थोडे अधिक होते. १७८८ साली तेथील न्यायालयाने कापणीनंतर शेतात सरवा वेचण्याचा गरिबांना कायदेशीर हक्क नाही, असाही निर्णय दिला. सरवा म्हणजे काय हे आपल्या शेतमजूर बायांना सांगावे लागत नाही.

या साऱ्या व्यवहारात एका शब्दाने फार मोठी कामगिरी बजावली. तो शब्द 'वेस्ट'. ज्या जमिनीवर शेकडो कुटुंबांची गाय आणि चूल अवलंबून होती, तिला कागदावर 'वेस्ट' म्हणजे वाया गेलेली म्हटले गेले. वाया गेलेली वस्तू कोणी उपयोगात आणली तर तक्रार कोण करणार? एकदा 'वेस्ट' हा शब्द मान्य झाला की कुंपण घालणारा लुटारू न राहता सुधारक ठरतो.

मात्र सबंध इंग्रजी भाषाच जमीनदारांची होती असे मी म्हणत नाही. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी हेल्पस्टन गावचा. त्याच्या गावाला कुंपण घालणारा कायदा १८०९ साली झाला. आपल्या ओढ्यांना, बांधांना आणि पाखरांना तो गावातल्याच नावांनी हाक मारी. त्याच्या प्रकाशकाने त्याचे बोलीतले शब्द सुधारले, आणि त्याच्या एका उमराव आश्रयदात्याने धनिकांना झोंबणाऱ्या ओळी काढण्याचा आग्रह धरला. विल्यम कॉबेट घोड्यावरून खेडोपाडी हिंडला. त्याचे 'रूरल राइड्स' १८३० साली पुस्तकरूपाने आले. कॉबेट देखावा पाहतो आणि लगेच विचारतो की येथे मजुरी किती मिळते आणि मजूर खातो काय. मार्गदर्शकाच्या यादीत क्लेअरचे किंवा कॉबेटचे शब्द नसतात, हे ध्यानात घ्यावे. वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यातल्या रेल्वे सिग्नलमनचा मुलगा रेमंड विल्यम्स याने १९७३ साली 'द कंट्री अँड द सिटी' या ग्रंथात हा सगळा इतिहास मांडला. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

आता शहराकडे वळू. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरवासी झाल्याचे दिसले. कुंपणाबाहेर काढलेली माणसे गिरण्यांच्या गावी गेली होती. त्यांच्या वस्तीला जो शब्द मिळाला तो 'स्लम'. १८१२ सालच्या चोरबोलीच्या एका कोशात या शब्दाचा अर्थ केवळ 'खोली' असा आहे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तो अंधाऱ्या गल्ल्यांना लागला, आणि १८५० साली कार्डिनल वाइजमन याने वेस्टमिन्स्टरच्या गरीब वस्तीचे वर्णन करताना तो वापरल्यावर सभ्य लोकांच्या लिखाणात रूढ झाला. म्हणजे चोरांच्या तोंडचा शब्द मजुरांच्या घराला चिकटला. आणि शब्दाबरोबर संशयही चिकटला.

फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात मँचेस्टरचे जे वर्णन केले आहे, ते याच्या नेमके उलट आहे. श्रीमंतांच्या बंगल्यांकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा दुकानांची रांग आहे, आणि त्या रांगेमुळे मागची कामगारवस्ती जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतच नाही, हे त्याने दाखवून दिले. घाण दिसल्यावर ती कोणाच्या नफ्यातून निपजली हे त्याने विचारले. 'स्लम' हा शब्द घाण दाखवतो. कारण दाखवत नाही.

हेच शब्द राज्यकर्त्यांच्या सामानातून आपल्याकडे आले. नागपुरात 'सिव्हिल लाइन्स' झाली. उरलेले गाव काय असभ्य होते? मुंबईत किल्ल्याबाहेरच्या वस्तीला 'नेटिव्ह टाऊन' म्हटले गेले, आणि त्याचा अवशेष म्हणून आजही मुंबईचा चाकरमानी आपल्या गावाला 'नेटिव्ह प्लेस' म्हणतो. 'घाट' म्हणजे आपल्याकडे डोंगर उतरण्याची वाट. इंग्रजीत सबंध सह्याद्रीच 'घाट' झाला. आयुर्वेदात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मोकळा प्रदेश. इंग्रजीत 'जंगल' म्हणजे घनदाट, दमट आणि भयाण अरण्य. इथवर गंमत म्हणून सोडून देऊ. पण 'वेस्ट' या शब्दाची गंमत नाही.

आपल्या भाषेत जमिनीला किती नावे आहेत पाहा. गाव वसले ती पांढरी, पिकते ती काळी. माळ वेगळा, कुरण वेगळे, गायरान वेगळे. पड म्हणजे विश्रांतीसाठी सोडलेली जमीन. कोकणात वरकस म्हणजे नाचणी-वरीची आणि राबासाठी गवत-पाला देणारी डोंगरउताराची जमीन. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली. प्रत्येक नावात तिचा उपयोग आणि तिच्यावर जगणारा माणूस सांगितलेला आहे. १८६१ साली 'वेस्ट लँड' विकण्याचे नियम कॅनिंगच्या राजवटीत झाले. स्वतंत्र भारतात १९८५ साली 'नॅशनल वेस्टलँड्स डेव्हलपमेंट बोर्ड' स्थापन झाले. हेतू वनीकरणाचा होता, पण शब्द तोच राहिला. ज्या माळावर धनगराची मेंढरे चार महिने जगतात, ज्या गवतात माळढोक अंडी घालतो, तो माळ कागदावर 'पडीक'. मग एखाद्या प्रकल्पाला तो द्यायचा झाला की 'पडीक जमिनीचा विकास' असे म्हणून मोकळे होता येते.

दोन दिवस आपण गायरानावर बोललो. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. तो आदेश धनदांडग्यांनी गिळलेल्या तळ्यांसाठी आणि चराऊ रानांसाठी आवश्यकच होता, आणि भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात ठेवलेला आहे. पण तालुक्याच्या कचेरीत हा भेद उरत नाही. पन्नास वर्षे ज्वारी पिकवणारा मातंग आणि रस्त्याकडेचा गाळा बांधणारा पुढारी यांना नोटिशीत एकच शब्द असतो: अतिक्रमणधारक. आणि आपणही आपल्या अर्जात तोच शब्द लिहितो!

तोच प्रकार शहरात. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा १९७१ चा. त्याच्या इंग्रजी नावात 'स्लम' आहे, आणि सरकारी मराठीत त्यासाठी 'गलिच्छ वस्ती' असा शब्द रूढ झाला. धारावीत कुंभारवाड्यात भट्ट्या पेटतात, चामड्याचे काम चालते, शिलाईची यंत्रे रात्रंदिवस फिरतात. एकाच खोलीत घर आणि कारखाना असतो. 'स्लम' म्हटले की त्यातला कारखाना नाहीसा होतो आणि घाण तेवढी उरते. पुनर्वसनात मग खोली मोजली जाते, धंदा मोजला जात नाही. येथे एक सावधगिरीही सांगतो. या कायद्याखाली वस्ती 'स्लम' म्हणून घोषित झाली तर नळ, संडास आणि पूर्वसूचनेशिवाय न हलवले जाण्याचे काही संरक्षण मिळते. म्हणून कायद्याचा शब्द अर्जात टाळून चालणार नाही. हक्क मागताना तो लिहावा. माणसांचे वर्णन करताना लिहू नये. १९८५ च्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले, ते ही माणसे कामासाठी पदपथावर राहतात हे मांडले गेले म्हणून. नोटीस देऊन हटवण्याची मुभा त्याच निकालाने दिली, हेही विसरू नये.

जनगणनेतला 'अर्बन' हा शब्दही असाच तपासून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत, नगरपालिका नसलेले गाव शहर ठरायला तीन अटी होत्या: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी! नवरा कारखान्यात गेला आणि बायको दिवसभर शेतात राबली, तर तिच्या राबण्याने गावाचे वर्णन बदलत नाही. अशा जनगणना-शहरांची संख्या २००१ मध्ये देशात १,३६२ होती. २०११ मध्ये ती सुमारे ३,९०० झाली. यांतली बहुतेक गावे ग्रामपंचायतीच चालवतात. नाव शहराचे, गटार मात्र खेड्याचे.

साथींनो, सगळे खापर इंग्रजीवर फोडून आपण हात झटकले तर तो अप्रामाणिकपणा होईल. इंग्रजीत 'व्हिलेन' हा शब्द जमिनीला बांधलेल्या कुळावरून आला हे खरे. पण आपल्या साहित्यशास्त्रानेही 'ग्राम्यता' हा काव्यदोष मानला, आणि सुसंस्कृत माणसाला 'नागर' म्हटले. 'गावंढळ' हा शब्द कोणा साहेबाने बनवलेला नाही. १८३० साली चार्ल्स मेटकाफने आपल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि आपल्या विद्वानांना ते फार गोड वाटले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफच्या त्याच वर्णनाचा समाचार घेतला आणि खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असे बजावले. गावकुसाबाहेरच्या माणसाला विचारल्याशिवाय गावाला 'पीसफुल' म्हणता येत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी. नाव बदलल्याने पाणवठा बदलत नाही. पण ते नाव रोज पत्त्यावर लिहावे लागणाऱ्या पोराला या बदलाचा अर्थ विचारा.

उलट आपल्यापुढे चांगला आदर्शही आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कुणब्याच्या घराचे वर्णन केले. घरातली एकेक वस्तू, तिची अवस्था, कर्ज, आजार, काहीही सोडले नाही. त्यात देखावा नाही, हिशेब आहे.

तेव्हा करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात. एक, निवेदन लिहिताना जमिनीचे गावातले नाव, तिच्यावर कोण, किती दिवस, कशासाठी अवलंबून आहे हे आधी लिहा. 'पडीक' आणि 'अतिक्रमण' हे कचेरीचे शब्द आहेत, ते अवतरणचिन्हांत टाका. दोन, वस्तीची पाहणी करताना घरांबरोबर तिथे चालणारी कामे मोजा, आणि बायकांची कामे वेगळ्या रकान्यात मांडा. तीन, आपल्यात शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी मुलांना इंग्रजी जरूर शिकवावे, चांगले शिकवावे; गरिबाच्या पोरांना ती भाषा आलीच पाहिजे. पण निबंध देण्यापूर्वी मार्गदर्शक मिटवून मुलांना गावातून एक फेरी मारायला सांगावी, आणि दिसेल त्याला शब्द शोधायला सांगावे. यादीत नसला तर कोशात शोधावा, कोशात नसला तर मराठीच लिहावा. 'चाळ' हा आपला शब्द इंग्रजी कोशात गेलाच की.

त्या मुलीला मी तो निबंध पुन्हा लिहायला सांगितला. तिने टँकर, हंडे, रांग, आणि रांगेत कोणाचा हंडा कोणाच्या हंड्याला लागू देत नाहीत, हे सगळे लिहिले. इंग्रजी मोडके होते, चुका पुष्कळ होत्या. गुण किती द्यावेत हे मला बराच वेळ ठरवता आले नाही. विद्यापीठाच्या तपासणीच्या नियमांत त्याला जागा नव्हती. ती जागा करून घेणे हेही आपल्या कामांपैकी एक आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.